वेळाटोल्याचा बोअर

एकसष्टच्या उन्हाळ्यात मैनाबाईनं वेळाटोला गाव सोडलं, ते वेशीवर थुंकूनच. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायांनी मोठ्या विहिरीत पहिल्यांदा बादली सोडली होती. रुपराव पाटलानं विहीर बाटली म्हणत ती मंत्रांनी शुद्ध करवली आणि वस्तीची मजुरी तोडली. मैनाबाई नागपुरात आली. इतवारीत धान्य निवडत तिनं एकुलत्या एका लेकीला, प्रमोदिनीला शिकवलं, सरकारी पाणीखात्यात ओव्हरसियर केलं.

त्र्याऐंशीत रुपरावाचा लेक, गावचा सरपंच, जीप घेऊन दारात उभा राहिला. गावात सरकारी बोअर होणार होता आणि जागा ठरवणार होती प्रमोदिनी.

"मैनाबाई, तुम्ही बी चला जी. तुम्ही तं आमच्याच गावच्या!"

"कधीपासून गा?" मैनाबाईनं विचारलं. तरी ती गेली. तमाशा पाहायचा होता.

गाव सुधारलं होतं म्हणे. डांबरी सडक आली होती, ग्रामपंचायतीवर टीव्हीचा अँटेना होता, देशी दारूची दोन दुकानं होती. वस्तीत पूर्वी घरोघरी चालणारा विणकामाचा माग मात्र एकही उरला नव्हता. मोठी विहीर कोरडी पडली होती; तिच्यात फाटक्या चपला आणि मेलेलं कुत्रं.

"पाणी आटलं वं," ओट्यावर बसलेला म्हातारा रुपराव पुटपुटला.

"आटलं कुठं? संत्र्याच्या बागेले मोटरी लावून तुम्हीच पेऊन टाकलं," मैनाबाई म्हणाली.

मोजणी झाली. पाणी लागणार होतं वस्तीतच. सरपंचाचं तोंड उतरलं. "ताई, देवळापाशी घ्या नं. आमच्या बाया वस्तीत कशा येतीन?"

प्रमोदिनीनं कागदावरून मान वर केली नाही. उत्तर मैनाबाईनंच दिलं. "पायानं येतीन."

एकशेऐंशी फुटांवर पाणी लागलं, हापसा बसला. मायलेकी तेवढे दिवस वस्तीत मैनाबाईच्या बहिणीकडे, देवकीकडे राहिल्या. तिसऱ्या दिवशी पाटलाच्या सुना डोक्यावर पदर ओढून घागरी घेऊन आल्या. थोरलीनं इकडंतिकडं पाहिलं, लोट्यात आणलेलं पाणी हापशाच्या दांड्यावर ओतलं, मगच हात लावला.

देवकी तरातरा उठली. मैनाबाईनं तिला खाली बसवलं.

"काहून अडवते?" देवकी संतापली. "दिसून नाही राहिलं तुले?"

"दिसून राहिलं. प्यायले पाणी नाही अन् दांडा धुवून राहिली. धुवू दे."

बावीस वर्षं तिनं या गावाचा राग उराशी धरला होता. ज्यांना आपण एवढे मोठे वैरी समजत होतो ती माणसं ही अशी, लोटाभर अकलेची! रागावण्याचीही त्यांची लायकी नव्हती. तिला आपल्याच बावीस वर्षांची कीव आली.

"प्रमोदिनी, आटप वं," ती पिशवी उचलत म्हणाली, "एसटी निघून जाईन."