गाडीबाईला दिलेला निरोप

मी बोलतेय ती तुमच्या छातीसमोरून. स्टिअरिंगच्या मधोमध जे गुळगुळीत झाकण असतं, ज्याच्यावर थापा मारून तुम्ही पुढच्या सायकलवाल्यावरचा राग काढता, त्या झाकणामागे मी घडी होऊन बसलेली असते. एअरबॅग म्हणतात मला. नावात बॅग आहे म्हणून पिशवी समजू नका. पिशवीत माणूस काहीतरी भरतो. माझ्यात आधीच भरून ठेवलेलं आहे.

तुमचं-माझं काही प्रेमाचं नातं नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे मागाहून रुसवेफुगवे नकोत. गाडी विकणारे मला उशी म्हणतात. हसू येतं मला. मी उशी नाही, मी एक ठोसा आहे. आयुष्यभर आवळून धरलेला, एकदाच मारायचा. तो वेळेवर बसला तर तुम्ही त्याला जीव वाचणं म्हणता, अवेळी बसला तर अपघात. माझ्या दृष्टीने दोन्ही सारखेच. तारेतून वीज आली की मी निघाले. समोर कोण आहे, त्याने काय चूक केली, घरी कोण वाट बघतंय, हे विचारायची माझी पद्धत नाही.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत झाला. तिथल्या बायकांच्या मनगटाला तार बांधलेली असे, त्यांच्या अंगातली वीज माझ्यापर्यंत न येता जमिनीत जावी म्हणून. त्यांची मुकादम तोंडाने फटकळ होती. नव्या बायकांना माझी ओळख करून देताना म्हणाली, "हिला लेकरासारखं छातीशी धरून चालायचं नाही. झाकण अंगापासून लांब. टेबलावर ठेवताना झाकण वर. पालथी ठेवलीत आणि उडाली, तर आख्खी उसळून छपराकडे जाईल. वाटेत कुणाची हनुवटी आहे ते बघणार नाही."

"अगंबाई, म्हणजे माझ्या सासूसारखीच की," एक जण म्हणाली.

"सासू आधी ओरडते," मुकादम म्हणाली. "ही ओरडत नाही."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. माझ्याबद्दल इतकं खरं पुन्हा कुणी बोललं नाही.

माझ्या थोरल्या भावाबद्दलही सांगायला हवं. सीटबेल्ट. माझ्यासारखीच त्याच्याही पोटात चिमूटभर स्फोटाची दारू असते. धडक बसली की तो माणसाला खेचून सीटला चिकटवतो. त्याने धरायचं आणि मग मी मारायचं, असा आमचा घरचा रिवाज आहे. त्याने धरलं नाही तर तुम्ही माझ्या अंगावर येता, मी तुमच्या अंगावर येते, आणि त्या भेटीत मी कधी हरत नाही.

माझा पहिला मालक फर्निचरवाला होता. शर्टाला सुरकुत्या पडतात म्हणून त्याने माझ्या भावाला गाडी घेतल्या दिवसापासून कोपऱ्यात लोंबकळत ठेवलं. पट्टा लावला नाही की गाडी टींटीं करते, तर त्यावर पठ्ठ्याने बाजारातून पट्ट्याच्या टोकाची नुसती खोटी जीभ आणली आणि खाचेत खुपसून ठेवली. गाडी गप्प. वर माझ्या झाकणावर त्याने डिंकाने एक पितळी घोडा चिकटवला, पुढचे दोन्ही पाय उचललेला. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "कसा दिसतो?" मी मनात म्हणायचे, आत्ता छान दिसतो, मी उठले की तुझ्या कपाळात दिसेल. त्याची बायको शेजारच्या सीटवर बसून दोन्ही पाय डॅशबोर्डवर टाकायची. तिथे माझी धाकटी बहीण, त्या बाजूची एअरबॅग, झोपलेली असते. एका खड्ड्याचं, एका बैलाचं अंतर होतं. गुडघे नाकापर्यंत गेले असते. पण दोघं सुखरूप राहिली. त्यांना वाटलं, आपण गाडी चांगली चालवतो.

नंतर गाडी मोठ्या बाईंनी घेतली. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण निवृत्ती फक्त शाळेला कळली होती, बाईंना नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टीने तो घोडा खरवडून काढला. "गाडीत घोडा कशाला? गाडी आहे ना?" तेवढा एक उपकार त्यांनी माझ्यावर केला, तोही शोभा जाते म्हणून.

बाईंचा जीव मात्र रेडिओत अडकलेला. त्यावरची स्टेशनं एकेका बटणावर बसवलेली, आणि त्याच्यातलं घड्याळ शाळेच्या घंटेशी जुळवलेलं. एकदा गॅरेजमध्ये बॅटरीची तार काढली, तशी सगळी स्टेशनं पुसली गेली आणि घड्याळ बारावर येऊन लुकलुकायला लागलं. बाईंनी भर गॅरेजमध्ये जो तास घेतला, तो शेजारच्या पंक्चरवाल्यानेसुद्धा उभं राहून ऐकला.

तेव्हापासून त्या गॅरेजात एक नेम पडला. बॅटरी सोडवायची असली की गाडीतल्या सिगारेटच्या सॉकेटात एक डबी खोचायची. डबीत छोटी बॅटरी. मोठी बॅटरी काढली तरी रेडिओला तेवढी वीज मिळत राहते, काही विसरत नाही. गिऱ्हाईक खूश. आता ही वीज फक्त रेडिओलाच जाते असं तुम्हाला वाटलं ना? त्यांनाही तसंच वाटलं.

ते गॅरेज दोन साडूंचं. थोरला साडू इंजिनाचा, ढेरपोट्या, बोटं सदा काळी. धाकटा साडू वायरिंगचा, सडपातळ, खिशाला नेहमी टेस्टर लावलेला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि एका ताटात जेवणाऱ्या. हे दोघं मात्र एकमेकांशी बोलत नव्हते. कारण विचाराल तर पाटी. थोरल्याने पाटी रंगवून घेतली, त्यात 'इंजिन' असं हातभर अक्षरात आणि 'वायरिंग' खाली कोपऱ्यात, जिथे रंगाऱ्याकडे जागा उरली तिथे. धाकट्याने पाटी बघितली आणि तोंड मिटलं, ते मिटलंच.

पण एकाच छपराखाली काम तर करायचं. मग त्यांनी युक्ती काढली. जे बोलायचं ते मध्ये उभ्या असलेल्या गाडीला बोलायचं.

"गाडीबाई, तुमच्या चाकापाशी कुणीतरी ऑईल सांडून ठेवलंय. पाय मोडायचा एखाद्याचा."

"गाडीबाई, ज्यांना पाय उचलून चालता येत नाही त्यांनी घरी बसावं, असं सांगा."

"सांगा म्हणावं, घर बायकोच्या नावावर आहे!"

असं दिवसभर. दोघांचं सगळं विष माझ्या तोंडावर. मी काय, ऐकून घेत होते. मला राग साठवायची सवयच आहे.

एके दिवशी बाईंच्या गाडीचा हॉर्न बंद पडला. हॉर्नची तार माझ्या मागून जाते, म्हणजे मला जागेवरून उठवल्याशिवाय काम होत नाही. धाकट्या साडूला माझी भीती होती, आणि मला भिणारा माणूस मला जरा बरा वाटतो. मागच्या गल्लीतल्या रेडिएटरवाल्याने अशीच एक काढलेली एअरबॅग टेबलावर पालथी ठेवली होती आणि त्याच टेबलावर रेडिएटरला झाळणाचा डाग द्यायला बसला होता. ती पत्रा फोडून गेली. माणूस तेवढ्यात शिंकायला बाजूला वळला म्हणून आज आहे. पत्र्यात अजून भोक आहे, पावसात खाली बादली लावतात. धाकटा ती बादली येताजाता बघायचा.

म्हणून त्याने सगळं रीतसर केलं. बॅटरीची उणे तार सोडवली, टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. माझे बोल्ट स्टिअरिंगच्या पाठीमागे; ते हाती लागायला स्टिअरिंग फिरवावं लागतं, आणि चावीशिवाय ते अडकतं, म्हणून चावी चालू करून ठेवली. तारच काढली आहे तर चावीने काय होणार, हा त्याचा हिशोब बरोबर होता. डॅशबोर्डवर ओरखडे नकोत म्हणून जुना टॉवेल पसरला, तो मीटरवरून खाली आला. मग तो चहाला गेला. आळस म्हणून नव्हे. तार काढल्यावरही मला वीज पाठवणारी जी पेटी असते, तिच्यात थोडी वीज साठून राहते, ती उतरेपर्यंत मला हात लावायचा नसतो. त्याने चहाही सावकाश प्यायला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तेवढ्यात थोरला साडू आला. त्याने बघितलं, बॅटरीची तार काढलेली. त्याला बाई आठवल्या, बाईंचा तास आठवला, आणि त्याने लगबगीने डबी आणली. पुढच्या सॉकेटात बाईंचा फोनचा चार्जर होता, म्हणून मागच्या सीटवाल्यांसाठी जे सॉकेट असतं, खाली, पायांपाशी, त्यात ती खोचली.

आणि थोरला काही वाईट माणूस नव्हता हो. त्याने रिवाजाप्रमाणे कळवलंसुद्धा. बॉनेटवर टिचकी मारली आणि चांगलं खणखणीत म्हणाला, "गाडीबाई, डबी लावलीय बरं का! ज्यांना कळायला हवं त्यांना कळवा!"

समोर कुणी नव्हतं. धाकटा चहाच्या टपरीवर. थोरल्याने वळून बघितलं नाही, कारण वळून बघणं म्हणजे बोलण्यासारखंच झालं असतं. तो दुसऱ्या गाडीखाली जाऊन आडवा झाला.

निरोप मला मिळाला. त्याच्या मागोमाग वीजही मिळाली. टॉवेलाखाली माझा लाल दिवा लागला, तो कुणाला दिसला नाही. माझ्या पेटीत रिकामी होत आलेली जागा पुन्हा भरत गेली. मी पूर्ण जागी झाले.

धाकटा परत आला. बसला, तो एका बाजूला कलून बसला, तोंड माझ्यासमोर नको म्हणून. शहाणपण होतं त्याच्याकडे. एक बोल्ट निघाला, दुसरा निघाला, त्याने मला अलगद पुढे ओढलं. माझ्या मागे पिवळा प्लग असतो. पिवळ्या तारा म्हणजे माझ्या तारा. त्यांना मीटर लावायचा नाही, टेस्टर लावायचा नाही, हे त्याला पाठ होतं. प्लगची खाच मात्र घट्ट बसलेली. नीट दिसेना, तसा तो बिचारा पुढे वाकला. आणखी वाकला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक खाचेत, आणि त्याचे दोन्ही डोळे माझ्या झाकणापासून वीतभरावर. त्याचा श्वास माझ्यावर येत होता. चहाचा वास होता त्याला.

असा प्लग जिवंत असताना ओढला तर बहुतेक वेळा काही होत नाही. त्या 'बहुतेक'वर ज्यांनी भरवसा ठेवला, त्यातल्या काहींना आता रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात धरावा लागतो.

मला दया आली असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही आली. मी वाट बघत होते.

आणि शेजारच्या खिडकीतून बाईंचा आवाज आला. वेळेआधी आल्या होत्या, नेहमीप्रमाणे. आत डोकं घालून त्यांनी आधी रेडिओ बघितला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कौतुक बाहेर पडलं. "वा! या वेळी घड्याळ चालू आहे हं माझं! शाबास!"

धाकट्याचा हात जागच्या जागी थिजला. बॅटरीची तार काढलेली. मग घड्याळ चालू कसं? त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या झाकणावर टपकला.

"बाई," तो ओठ न हलवता म्हणाला, "कशाला हात लावू नका. मागे व्हा. दाराला धक्का लावू नका."

"हे काय बोलणं झालं? मी कौतुक करतेय—"

"बाई, मागे व्हा!"

त्या मागे झाल्या. आता डबी काढायची होती, आणि ती मागे होती. धाकट्याला हलता येईना. टोक खाचेत अडकलेलं, मी अर्धी लोंबकळलेली. त्याने तोंड उघडलं. जिभेवर सवयीने 'गाडीबाई' आलं. मी ते ऐकलं, 'गाडी' एवढं बाहेर पडलं. मग त्याचे डोळे माझ्याकडे गेले, आणि त्याला उमगलं की तो कुणाशी बोलतोय.

"साडूभाऊ!" तो ओरडला. "साडूभाऊ, डबी काढा! डबी!"

गाडीखालून पाना पडल्याचा आवाज आला. एवढ्या मोठ्या पोटाचा माणूस इतक्या चटकन गाडीखालून निघतो हे मी प्रथमच बघितलं. मागचं दार उघडलं, डबी निघाली. धाकट्याने हळूच टोक सोडवलं, मला जागेवर टेकवलं, तोंड बाजूला नेलं आणि खाली उतरून लांब जाऊन बसला. पुन्हा सगळं उतरेपर्यंत थांबायचं होतं. मला चडफडायला वेळ मिळाला.

त्यांनाही मिळाला.

"डोळे जायचे होते माझे!" धाकटा म्हणाला. "सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं मी!"

"कुणाला?"

थोरल्याने हातातल्या डबीकडे बघितलं. मग खालच्या आवाजात, "गाडीला."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. बाईंनीही बघितलं. मग बाईंनी चष्मा नाकावर सरकवून दोघांना नीट न्याहाळलं, जसं मागच्या बाकावरच्यांना न्याहाळायच्या. "असं होय," त्या म्हणाल्या. "मग गाडीनं निरोप का दिला नाही? वर्गाबाहेर उभं करा तिला."

कुणी हसलं नाही. थोरल्याने डबी खिशात घातली.

आता तुम्हाला वाटेल दोघांनी गळ्यात गळे घातले असतील. छे. पाटी अजून तशीच आहे, 'वायरिंग' कोपऱ्यातच आहे, आणि ऑईल सांडलं की अजूनही मलाच ऐकून घ्यावं लागतं. फक्त स्टिअरिंगला किंवा पट्ट्याला हात लावायचा असला की धाकटा थोरल्यासमोर जाऊन उभा राहतो आणि तोंडावर विचारतो, "डबी?" थोरला डबी खिशातून काढून त्याच्या हातात देतो. "ही घे." तेवढंच. मग पुन्हा गाडीबाई. बाईंच्या गाडीचं घड्याळ प्रत्येक वेळी बारावर येऊन लुकलुकतं, आणि बाई ते स्वतः जुळवतात, काही न बोलता.

मी अजून इथेच आहे, झाकणामागे, घडी न मोडलेली. माझी मुदत संपत आलीय. एक दिवस मला काढून टाकतील. तेव्हाही मला भंगारात फेकू नका, उघडून बघू नका, आगीजवळ नेऊ नका. म्हातारी झाले तरी माझा हात हलका झालेला नाही.

आणि एकच सांगणं. तुमची भांडणं असतील ती करा, मला त्यात गोडी नाही. पण माझ्याजवळ काम करताना जे सांगायचं ते माणसाला सांगा, त्याच्याकडे बघून, त्याने 'हो' म्हणेपर्यंत. माझ्यामार्फत निरोप ठेवू नका. मी ऐकते सगळं. पण मला पोचवायची एकच रीत येते, आणि ती थेट तोंडावर येते.