मैलभरावरचं विरजण

"सर, प्रेअरीत विरजण संपलं तर मागायचं कुणाकडे?"

पैज सपनाने लावली होती. उभी राहिली मधुवंती. दहावीचा अख्खा वर्ग खिदळला. फळ्यावर प्रेअरीचे, म्हणजे कॅनडाच्या गव्हाच्या मैदानाचे, चौकोन आखणारे सुशांत सर थांबले.

"मैलभर चालायचं," ते म्हणाले. "सरकारने जमिनीचे असे चौकोन पाडले. जमीन नावावर व्हायची तर आपल्याच चौकोनात घर बांधून राहायचं. त्यामुळे घरं लांब लांब. गहू मात्र एकत्र यायचा, रेल्वेच्या कडेच्या उंच कोठारांत. मग तिथेच दुकान, शाळा, वस्ती. तुझ्या मजल्यावर किती घरं गं?"

"चार."

"कोण राहतं?"

मधुवंतीला एकही नाव सांगता येईना.

"वाट लागली," सपना कुजबुजली.

घाटकोपरची खोली विकून मधुवंतीच्या घरचे मुलुंडच्या या टॉवरमध्ये आले, तेव्हा तिला पहिल्यांदा स्वतःची खिडकी मिळाली. आईचं मात्र सामान हलवतानाच विरजणाचं भांडं सांडलं. विकतच्या दह्याला ती हात लावत नसे. "विरजण शेजारून येतं," म्हणायची. आता तर रोजच चाललं होतं, फ्लॅट भाड्याने देऊ, कांजूरला मावशीच्या शेजारी राहू. पप्पाही हळूहळू मान डोलवायला लागले होते.

संध्याकाळी मधुवंतीने वाटी उचलली आणि दारावरची पाटी वाचून समोरची बेल दाबली.

"विरजण?" सोनूबाईंनी दाराची साखळी काढली. "अगो बाय माझे, माझाच संपला. मागूचा तरी कोणाकडे?"

पुढच्या दारात यज्ञेश नावाचा तरुण, हातात हेडफोन. "पाकिटातलं दही आहे. चालेल का यार?"

तिसऱ्या दारात मनाली, कडेवर बाळ.

"अय्या, मी तुमच्याकडेच विरजण मागायला येणार होते! दोनदा आलेसुद्धा. पण तुमचं दार सदा बंद. बेल दाबायचा धीर नाही झाला."

मधुवंती रिकामी वाटी घेऊन परतली. आईने वाटीत डोकावून पाहिलं आणि दुधाखालचा गॅस बारीक केला.

"बघ," पप्पा म्हणाले. "म्हणजे कांजूरलाच जायचं."

"हो, जाणार." मधुवंतीने दार सताड उघडलं आणि पप्पांचा जुना बूट दाराखालच्या फटीत खुपसला. "रविवारी. मी एकटी. मावशीकडून विरजण आणणार, चार घरांना पुरेल एवढं. आणि हे दार आजपासून असंच राहणार."