गहिनीनाथाला पान लागलं

मी एक रॉकेलचा डबा. नाक मुरडू नका, वास कधीच गेला. तुमच्याकडेही डबे असतील, पिठाचे, गुळाचे, लोणच्याचे. पण माझ्या पोटात कोण कोण राहून गेलंय ते ऐकलंत, तर माझं झाकण उघडायला तुम्ही आधी काठी शोधाल.

माझा जन्म मुंबईकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, दुमडला, डाग दिले की झालो मी चौकोनी. रॉकेल पोटात घेऊन पाथर्डीच्या एका दुकानात आलो. रिकामा झाल्यावर चांगुणाबाईने मला विकत घेतलं, झाकण आणि तारेची कडी बसवून घेतली, राखेने घासघासून वास घालवला. मला बाजरीच्या पिठासाठी आणलं होतं. मी खूश होतो. पिठाच्या डब्याला घरात मान असतो.

पण तिच्या नवऱ्याची, गहिनीनाथाची, नजर माझ्यावर पडली आणि सगळं फिसकटलं. एका सकाळी त्याने मला अंगणात नेलं आणि खिळा ठोकून झाकणाला भोकं पाडली.

"आता पीठ कशात ठिवू?" चांगुणाबाईने चुलीपुढून विचारलं.

"मडक्यात ठीव. ह्याला वारा पायजे."

वारा कुणाला पाहिजे ते मला संध्याकाळी कळलं. एक घोणस माझ्या तळाशी वेटोळं घालून बसली आणि लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसायला लागली. मी नुसता पत्रा म्हणून निभावलं.

गहिनीनाथाला विषारी सापांचं वेड होतं. धामण निघाली तर तो वळूनही बघायचा नाही. पण नाग, घोणस, मण्यार, फुरसं यातलं काही असलं की जेवत्या ताटावरून उठायचा. धरून माझ्यात घालायचा, घरी आणायचा, आणि माळावर सोडायच्या आधी झाकण किलकिलं करून बघत बसायचा. त्यांचा खेळ मांडायचा नाही, कुणाला भीती घालायचा नाही. नुसता बघायचा. वरून त्याचे डोळे, खालून जनावराचे, आणि मधे मी. काय चाललंय या दोघांचं, याचा मला काही केल्या उलगडा व्हायचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमच्या भागात साप चावला असं कुणी म्हणत नाही. नाव घेतलं की ते येतं, असं मानतात. सापाला म्हणायचं जनावर, आणि चावलं तर म्हणायचं 'पान लागलं'. हे दोन शब्द कधी ऐकावे लागतील, या धास्तीतच चांगुणाबाई दिवस काढत होती. नवऱ्याला अडवायची मात्र नाही. तो पांदीतून, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेने, यायच्या वेळेला दारात येऊन उभी राहायची, एवढंच.

मग मोठ्या दुष्काळाचं साल आलं. पिकं गेली, आणि सगळं गाव सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलं. दगड हलवला की खालून जनावर निघायचं, आणि 'बोलवा गहिनीनाथाला' अशी हाक उठायची. त्याचं नाव कुणीतरी पेपरात छापलं. तो पेपर वाचून मुंबईचे फिल्मवाले जीप घेऊन आले. त्यांना त्याच्यावर माहितीपट काढायचा होता. मी तर हुरळून गेलो. कॅमेरावाल्याने माझं अगदी जवळून चित्रण केलं, पण आधी मला फडकं मारावं असं कुणाला सुचलं नाही.

"तुम्हाला हा नाद कशामुळे लागला?" त्यांच्यातल्या साहेबांनी गहिनीनाथाला विचारलं. मी कान टवकारले.

त्याने डोकं खाजवलं. "बघावं वाटतं."

"म्हणजे नेमकं काय?"

"आता काय सांगू, साहेब. बघावं वाटतं."

मग त्यांनी चांगुणाबाईला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तिने पदर सारखा केला. "मला कामाव जायाचंय," म्हणाली आणि टोपलं घेऊन निघून गेली.

त्या दिवशी माझ्यात मण्यार होती. मण्यार दिवसा मरगळलेली असते, पण विष फार वाईट, आणि तिचा दात लागला तर मुंगी चावल्याइतकंही कळत नाही. साहेबांनी गहिनीनाथाला तिला पुन्हा पुन्हा बाहेर काढायला लावलं. कधी ऊन डोळ्यावर यायचं, कधी मधेच कोंबडी शिरायची. शेवटी ती माझ्यात परत गेली, आणि साहेब ट्रंककॉल लावायला जीप घेऊन पाथर्डीला गेले.

कॅमेरावाल्याने आपला पितळी डबा उघडला आणि चुना-तंबाखू घातलेलं एक पान गहिनीनाथाला दिलं. गडी कधी तंबाखू न खाणारा. पाहुण्यासमोर थुंकायचं कसं म्हणून रस गिळत राहिला. थोड्या वेळात घामाघूम झाला, डोळे फिरले, आणि अंगणातल्या लिंबाखाली आडवा पडला. तेवढ्यात शेजारच्या दगडाबाईने कुडावरून डोकावलं.

"ह्याला काय झालं ओ?"

"काही नाही आजी, पान लागलंय त्याला. पडू दे जरा," कॅमेरावाला हसत म्हणाला, आणि कॅमेरा खांद्यावर टाकून डोंगराचं चित्रण करायला गेला.

दगडाबाईच्या हातातलं सूप गळून पडलं. या वयात ती तशी पळेल असं मला वाटलं नव्हतं. बघता बघता खडीचं काम सोडून माणसं आली. चांगुणाबाई अनवाणी आली. बायका तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, हातातल्या बांगड्यांकडे बघत होत्या. ते मला अजिबात आवडलं नाही.

गहिनीनाथाला उचलून मारुतीच्या देवळात नेलं. त्याच्या चुलतभावाने, कानिफनाथाने, मला लांब काठीच्या टोकाला अडकवून मागून आणलं.

"आरं, पान खाल्लंय मी, पान," गहिनीनाथ पुटपुटत होता.

"बरळाय लागला," कानिफनाथ म्हणाला.

देवळात त्याच्या तोंडात कडुलिंबाचा पाला दिला. पाला कडू लागला तर विष नाही, लागला नाही तर विष चढलंय, अशी इथली समजूत. त्याने पाला चावला. तंबाखूने आणि चुन्याने त्याची जीभ पार बधिर झाली होती.

"कडू लागतंय का?"

"न्हाई. कायबी लागंना."

 मग गहिनीनाथाने आपले हात डोळ्यांसमोर धरले, उलटसुलट करून बघितले. मण्यार किती वेळा या हातांतून गेली होती. मघाशी तो पान पान म्हणत होता, पण आता त्यालाही खरं वाटायला लागलं होतं. खरं सांगतो, मलाही कळेना. तिचा दात ज्याला लागतो त्यालाच कळत नाही, मग मला काय ठाऊक.

पुरुषमाणसं दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपायला पळाली. चांगुणाबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"एक सांगा," ती म्हणाली. "येवढं काय बघत हुता त्या डब्यात?"

"त्याला पापनी नसती, चांगुणे. बघाय लागलं की नजर काढत न्हाई. आपल्याकडं असं कुनी बघतंय, याचंच नवल वाटायचं."

"मी कुटं काढती नजर? दिस कलला की दारात हुबी ऱ्हाते, तुमी पांदीतनं दिसंस्तवर. माजी बी पापनी लवत न्हाई. तुमालाच कदी दिसलं न्हाई. येताना बी डब्यातच बघत येता."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तंबाखूचं नव्हतं.

तेवढ्यात जीप आली. साहेबांनी वाटेत कॅमेरावाल्याला जीपमध्ये घेतलं होतं, आणि काय गोंधळ झालाय ते दोघांना कळलं होतं. तो उडी मारून उतरला. "अहो, पान म्हणजे माझ्या डब्यातलं पान. तंबाखूचं!"

सगळे हसले, कानिफनाथ तर पायरीवर बसूनच हसला. दगडाबाई तेवढी हसली नाही. "मग तंबाखू लागली म्हनावं की. नुसतं पान लागलं म्हनायचं असतंय व्हय?"

देवळातलं बोलणं साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी चांगुणाबाईला विनवलं, "ते कॅमेऱ्यापुढे पुन्हा म्हणाल का?"

"त्ये ह्यांना सांगायचं हुतं. सांगून झालं."

ऊन उतरताना गहिनीनाथ मला घेऊन माळावर निघाला. "मी बी येते," चांगुणाबाई म्हणाली. आजवर कधी आली नव्हती. त्याने मला आडवं करून झाकण काढलं. मण्यार सावकाश बाहेर आली, काळी कुळकुळीत, अंगावर पांढरी कडी. चांगुणाबाई लांबूनच खाली वाकली.

"अंगभर बांगड्या भरल्यात की हिनं," ती म्हणाली, आणि जनावर कपारीत जाईपर्यंत बघत राहिली. मी गहिनीनाथाकडे बघितलं. तो मण्यारीकडे बघतच नव्हता.

पुढच्या साली गावात पांढरा पडदा बांधून तो माहितीपट दाखवला. त्यात मी आहे, भोकांसकट. देवळातलं काही नाही. जनावर निघालं की अजूनही त्यालाच बोलावतात, पण तो ते परस्पर माळावर सोडतो. माझ्यात आता कांदे असतात. कांद्यांनाही वारा लागतो, म्हणून भोकं कुणी बुजवली नाहीत.

दिवस कलला की चांगुणाबाई मला दारात ओढते आणि माझ्यावर बसून वाटेकडे बघते. गहिनीनाथ पांदीतून बाहेर पडतो तो मान वर करूनच. तुमच्याही दारात कुणी बसत असेल. येताना वर बघत या, बाबांनो. माझं काय, मी कांदे सांभाळतो.