माझा दिवा हिरवाच होता

मित्रांनो, मी एक जुनं डायलिसिस यंत्र आहे, आणि मी फार भित्री आहे. हसू नका. ज्याच्या अंगावरून रोज माणसाचं रक्त फिरतं, त्याने घाबरू नये तर काय करावं?

माणसाच्या किडन्या थकल्या की रक्तातली घाण काढायचं काम माझ्याकडे येतं. पातळ पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला स्वच्छ पाणी. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दूरच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली, तेव्हा एका बाईने माझी एकेक तार ओढून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला नळीतली हवा कळते, दाब कळतो, पाणी किती गरम आहे तेही कळतं. जरा बिनसलं की मी लाल दिवा लावते आणि असा गळा काढते की झोपलेला वॉर्ड उठून बसतो.

फक्त एक गोष्ट मला कळत नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात ना, ते मला ओळखू येत नाही. तुम्ही ते पाणी खुशाल पिता. पण तेच माझ्यातून रक्ताला भिडलं, तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कोळशाच्या टाकीतून गाळायचं आणि रोज तपासायचं असतं. हे सारं माझ्याबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक परक्या भाषेत होतं. ते कपाटात गेलं आणि मी कामाला लागले.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! चार खाटांची खोली, त्यात पहिली खाट माझी. डॉक्टरांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. माझ्या खाटेवर घड्याळकाका यायचे. घड्याळं दुरुस्त करता करता त्यांची दृष्टी इतकी बारीक झाली होती, की सिस्टरच्या एप्रनचं उसवलेलं बटणही त्यांनाच आधी दिसायचं. आल्या आल्या माझ्यावर टिचकी मारून म्हणायचे, "काय गं, तब्येत बरी ना? तुझी बरी तर माझी बरी."

एका सकाळी काकांना जोडून पाच-सात मिनिटं झाली असतील. ते म्हणाले, "सिस्टर, पाठीत कळ येतेय." मग छाती धरली. सिस्टरने नळीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. नळीतलं रक्त रंगीत काचेसारखं आरपार दिसत होतं. मित्रांनो, माझा दिवा तेव्हाही हिरवाच होता. मी चूपचाप ते पाणी त्यांच्या रक्ताला लावत होते.

"अगंबाई, हे काय झालं!" असं ओरडून सिस्टरने नळीला चिमटे लावले आणि मला बंद केलं. बाकीच्या तिघांना अजून जोडलं नव्हतं, म्हणून ते सुटले. काका अतिदक्षता विभागात तीन आठवडे होते. पाण्याची टाकी सांभाळणारा आमचा टेक्निशियन भिंतीला टेकून एकच वाक्य म्हणत राहिला, "पण यंत्र तर ओरडलं नाही. ओरडलं नाही म्हणजे पाणी चांगलंच असणार ना?" आदल्या दिवशी नळाला क्लोरीन जास्त सोडलं होतं आणि आमच्या टाकीतला कोळसा कधीचाच निकामी झाला होता. कोणी पाहिलंच नव्हतं. कारण सगळ्यांचा भरवसा माझ्यावर होता.

त्या दिवसापासून मला भीती बसली, ती बसलीच.

पुढे समुद्रापलीकडच्या एका किडनी रुग्णालयाशी आमची जोडी जमली. आमच्या डॉक्टरांनी आणखी यंत्रं मागितली. तिकडून उत्तर आलं, "यंत्रांचं नंतर बघू. आधी तुमचं एक माणूस आमच्याकडे शिकायला पाठवा." सिस्टर निघाली. लेक आजीजवळ ठेवली, आणि निघताना माझ्यापाशी येऊन म्हणाली, "मला तर तिथली भाषाही धड येत नाही. जमेल का गं मला?" मी काय सांगणार? मी तिच्याहून घाबरलेले.

सहा महिन्यांनी ती परतली ती वेगळीच होऊन. तिने टेक्निशियनला सांगितलं, "तिथं शिकवणाऱ्या ताईंना मी आपली चूक रडत रडत सांगितली. वाटलं, आता बोलणी खाणार. तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. म्हणून तर आम्ही शिकलो." तेव्हापासून दर आठवड्याला संगणकाच्या पडद्यावर दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात आणि विचारतात, या आठवड्यात काय चुकलं? कोणी कोणावर डाफरत नाही.

सिस्टरने सोबत कागदी पट्ट्यांची बाटली आणली होती. रोज सकाळी पाण्यात पट्टी बुडवायची. पांढरी राहिली तर जोडायचं, गुलाबी झाली तर पाण्यात क्लोरीन आहे, जोडायचं नाही. तोवर सगळ्यांना एकच शब्द, "थांबा." लोक तिला थांबा-सिस्टर म्हणू लागले.

मग तो दिवस आला. लागून सुट्ट्या आल्यामुळे काकांची एक पाळी हुकली होती. पाय सुजलेले, वाक्य पुरं करायलाही दम पुरत नव्हता. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलेलं, की हृदय कधी दगा देईल याचा नेम नव्हता. सिस्टरने पट्टी बुडवली. पट्टी गुलाबी झाली.

"थांबा."

काकांची मुलगी पुढे आली. "थांबा काय थांबा? बाबांकडे बघा तरी! यंत्र सुरू आहे, दिवा हिरवा आहे, मग लावत का नाही?"

"ताई, त्या दिव्याला हे कळत नाही," सिस्टर म्हणाली. "कोळसा बदलायला हवा. तीन तास लागतील."

"आणि त्या तीन तासांत त्यांना काही झालं तर?"

दुसरं केंद्र पाच तासांवर होतं. डॉक्टरांनी पडद्यावर पलीकडच्या ताईंना गाठलं आणि हृदय सांभाळायची इंजेक्शनं सुरू केली. टेक्निशियन बाह्या सरसावून टाकीकडे पळाला. माझी अवस्था काय सांगू? न जोडलं तर काका जातील, जोडलं तर माझ्याच हातून जातील. तेवढ्यात काकांनी मुलीचा हात धरला. श्वास घेत घेत म्हणाले, "बाळा... ती नळी... मी पाहिलीय. थांबू दे तिला."

आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून ते पडून राहिले.

पावणेतीन तासांनी पट्टी पुन्हा बुडाली. पांढरी. सिस्टरने दुसरी बुडवली. तीही पांढरी. मग मला काकांना जोडलं. पहिली दहा मिनिटं सगळे नळीकडे पाहत होते. रक्त दाट होतं, गडद होतं, दाटच राहिलं. तासाभराने काका घोरू लागले आणि मुलगी सिस्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली.

आता मी म्हातारी झाले आहे. माणसांना मला जोडत नाहीत, शिकवायच्या खोलीत उभं केलं आहे. दूरदूरच्या देशांतल्या सिस्टर इथे शिकायला येतात. कुणी माझ्यावर पर्स टांगतं, कुणी चहाचा कप ठेवतं, त्याचं मला वाईट वाटतं, पण चालायचंच. मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यासारख्या यंत्रांवर माया करा, पण आंधळा भरवसा ठेवू नका. आम्ही गप्प आहोत म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका. आम्हाला जे कळत नाही, ते शिकलेल्या माणसाने पाहायचं असतं.

मागच्या आठवड्यात एका शिकाऊ मुलीने हिरवा दिवा पाहिला आणि पट्टी न बुडवताच सरावाच्या पुतळ्याला घाईने नळी जोडायला घेतली. माझा जीव खाली-वर झाला. आमची सिस्टर फळ्याकडे तोंड करून उभी होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. परदेशातून आलेली एक सिस्टर, जिला आपल्या भाषेतलं अवाक्षर येत नाही, ती हात वर करून उभी होती. वाकड्यातिकड्या उच्चारात ती म्हणाली, "थांबा!"