लिंबाखालचा रूळ

झुंबरबाईने काठी लिंबाच्या बुंध्याला टेकवली, डोक्यावरचा पदर कानामागे सारला आणि कचरूला म्हणाली,

"हान आता. हळूच हान."

कचरू पोर्टरने फांदीला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा नुसता लावल्यासारखा केला. बारीक आवाज निघाला आणि विरून गेला.

"आला," ती म्हणाली. "अजून हळू."

तिकिटाच्या खिडकीतून स्टेशनमास्तर मार्तंडराव बघत होते. बघत होते म्हणजे बघायचं टाळत होते. हातात टाक होता, पण त्याची शाई केव्हाच वाळली होती. म्हातारी अधूनमधून अशी यायची आणि टोले मारायला लावून कान तपासून जायची. तिच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे असत, लसणाच्या तेलात भिजवलेले. तिच्या मुलाने, भुजंगने, घालून दिलेले. तेलाचा तो वास खिडकीतून आत आला की मार्तंडराव मान वळवायचे.

ती खिडकीशी आली.

"मास्तर, हितं ऐकू येतं. घरून बी येतं, रोज येतं. मंग त्या दिशीच का आलं न्हाई?"

"वारा उलटा असेल."

"वारा नव्हता. दांडीवरचं लुगडं हाललं न्हाई त्या दिशी."

खिडकीची फळी नीट बसत नव्हती, ती मार्तंडराव बसवत राहिले. तेवढ्यात मागच्या क्वार्टरच्या दाराआडून त्यांच्या लहानग्या ताराने आईला काहीतरी कुजबुजून विचारलं. ते काय, मार्तंडरावांनाही कळलं नाही.

"व्हय गं बाई, आणलीत बोरं," झुंबरबाई तिकडे वळून म्हणाली आणि ओटी सोडत दाराकडे गेली.

निंबोळा हे नावाचंच स्टेशन होतं. रूळ पडले तेव्हा इथल्या कापसापायी गाडीला थांबा मिळाला, एवढीच त्याची थोरवी. एक खिडकी, पत्र्याखाली दोन बाकडी, 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे दोन रांजण, पार्सलची कोठी. निजामाच्या राज्यातली सरकारी सोय तिथे संपली. लोकांची खरी सोय म्हणजे लिंबाखालचा रूळ. परतूरहून गाडी सुटल्याची तार आली की कचरू टोले द्यायचा, आणि बैलगाडी जुंपून गावातून स्टेशनावर यायला तेवढा वेळ पुरायचा. दिवस लढाईचे होते. पलटणीच्या गाड्या पुढे काढायच्या म्हणून साधी गाडी कुठेही तासन्‌तास अडकून पडे. म्हणून आधीपासून येऊन उन्हात कुणी बसत नसे. घंटा ऐकायची आणि निघायचं. लढाईआधी गाडी वेळेवर असे तेव्हा ज्यांना कुठे जायचं नसे तेसुद्धा तिच्यावर मोट सोडायचे, भाकरी थापायला घ्यायचे. घंटा ऐकायला तिकीट लागत नव्हतं.

त्या चैत्रात ताराला गोवर आला. दोन रात्री पोर अंगाच्या काहिलीने तळमळली आणि तिच्याबरोबर घर जागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला. लिंब क्वार्टरच्या खिडकीला लागूनच होता. तार आली, कचरूने हातोडा उचलला, आणि मार्तंडरावांनी त्याचा हात धरला. आजच्या दिवस राहू दे, पोरगी झोपलीय, म्हणाले. फलाटावर दोनच उतारू होते, दोघेही परगावचे. त्यांना तोंडी सांगून भागलं. तारा थेट दिवेलागणीला उठली. अंगाला घाम सुटला होता, ताप उतरला होता, आणि तिने भात मागितला. त्या संध्याकाळी मार्तंडराव फार सुखात होते. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती या सुखाची.

कारण त्याच दुपारी गावात भुजंगची बायको उषाबाई अडली होती. सगुणाबाई सुईणीने हात टेकले आणि जालन्याच्या दवाखान्यात न्या म्हणाली. गाडीत कडबा पसरून वर वाकळ टाकली, बैल जुंपून ठेवले. बाईला उन्हात किती वेळ ठेवायचं, म्हणून घंटा होईस्तोवर घरातच निजवली, आणि आतल्या कण्हण्यात बाहेरचं ऐकू येत नव्हतं म्हणून झुंबरबाईला अंगणाच्या कडेला ऐकायला उभं केलं. तिने कान टवकारून वाट पाहिली. आधी दिसला तो आगगाडीचा धूर. उषाबाईला गाडीत घालून भुजंगने बैल उधळल्यासारखे हाकले, पण तो स्टेशनाशी पोचला तेव्हा फलाट रिकामा होता. परतीच्या वाटेवर मूल झालं. ते रडलं नाही. उषाबाई तेवढी वाचली.

दुसऱ्या दिवशी भुजंग खिडकीशी आला. भांडायला नाही, विचारायला.

"मास्तर, काल घंटी झाल्ती का?"

"घंटा काय, रोजच होते," मार्तंडराव म्हणाले.

भुजंगने मान हलवली आणि निघून गेला. आपण खोटं बोललो नाही, असं मार्तंडराव कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते. शब्द तपासून पाहिले तर त्यात खोट सापडत नव्हती. पण तो माणूस मान खाली घालून रुळाच्या कडेने गेला, ते काही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्या दिवशी घंटा ऐकली का, हे गावात दुसऱ्या कुणालाच नक्की आठवेना. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता गावानेच निकाल लावून टाकला: म्हातारीला ऐकू येत नाही. भुजंग आईशी हातवारे करून बोलू लागला. उषाबाई तर बोलेनाशीच झाली. आणि कचरू टोले असे हाणू लागला की पाखरं उडत. हाणताना तो मास्तरांकडे बघत नसे.

एकदा जेवताना शरयूने, त्यांच्या बायकोने, सहज विचारल्यासारखं विचारलं,

"तारा आजारी होती, त्या दिवशी घंटा झाली होती का हो? एरवी ती दचकून उठते."

"गाढ झोप लागली होती तिला."

"मी जागी होते," शरयू म्हणाली आणि वरण वाढून आत गेली.

पौषात एका सकाळी भुजंग घंटेची वाट न बघताच आईला घेऊन खिडकीशी आला आणि बदनापूरचं एक तिकीट मागितलं. परतीचं हवं का, मार्तंडरावांनी विचारलं.

"न्हाई. माय आता मामाकडंच ऱ्हाईल. उषाला पुन्हा दिवस गेलेत." त्याने पैसे खिडकीत सरकवले. "मायवर भरवसा कसा ठेवावा, मास्तर? तिचा बी काय विलाज न्हाई म्हना."

रागाने बोलला असता तर मार्तंडरावांना बरं वाटलं असतं. त्यांनी तिकिटावर ठसा मारला, तो तिरका पडला.

"भुजंग."

"जी?"

"काही नाही. तिकीट नीट ठेव."

भुजंगने तिकीट आईच्या हातात दिलं, तिला बोटाने बाकडं दाखवलं आणि तो बैलांना कडबा टाकायला गेला. झुंबरबाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली. परतूरची तार आली. कचरू हातोडा घेऊन लिंबाखाली गेला आणि आज, कितीतरी महिन्यांनी, त्याने मास्तरांकडे सरळ पाहिलं. मग टोले दिले. मार्तंडरावांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि ते बाहेर आले. आवाज पुरता विरेपर्यंत बाकड्यापाशी उभे राहिले. मग वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"त्या दिवशी घंटा झाली नव्हती. मीच नको म्हणालो. तारा झोपली होती."

म्हातारीने वर पाहिलं नाही. तिची नजर समोरच्या रांजणांवर होती. गाठोड्याच्या गाठीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. मग तिने हात कानामागे धरला.

"मोठ्यानं बोला, मास्तर. मला ऐकू येत न्हाई."

मार्तंडरावांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. शेजारच्या बाकड्यावरच्या उतारूने मान वळवली. झुंबरबाईने नकारार्थी मान हलवली. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, बैलांशी पाठमोऱ्या बसलेल्या भुजंगवर होती.

"अजून मोठ्यानं."

दाराआडची कुजबुज ऐकणारे कान हे. क्वार्टरच्या दारात शरयू ताराला कडेवर घेऊन उभी होती. तिनेही त्यांना काही खूण केली नाही. ते बैलगाडीच्या दिशेने वळले आणि गार्डाला हाक घालतात तेवढा आवाज काढून म्हणाले,

"त्या दिवशी घंटा झालीच नव्हती. मी होऊ दिली नाही. तुझ्या आईची काही चूक नव्हती, भुजंग."

कडब्याची पेंढी भुजंगच्या हातात तशीच राहिली. तो उठला. लांब कुठेतरी गाडीने शिट्टी दिली, पण तो गाडीकडे बघत नव्हता. तो फलाटाकडे चालत येऊ लागला.

झुंबरबाईने मांडीवरचं गाठोडं खाली ठेवलं. दोन्ही कानांतले बोळे काढून बाकड्याच्या कडेला ठेवले, बोटांचं तेल पदराला पुसलं.

"आता आलं ऐकू," ती म्हणाली.