निळ्या फाईलवर जळणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. चौकोनी, बसक्या अंगाचा. एका कोपऱ्याला पोचा आला आहे आणि झाकणावर फुले होती की पक्षी, हे आता मलाही सांगता येणार नाही. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यात बिस्किटे होती. ती चार दिवसांत संपली. माझी मालकीण ताई मला टाकूनच देणार होती, पण तिच्या मोठ्या भावाने अडवले. "अगं, डबा चांगला आहे. यात तुझ्या पावत्या ठेवू," दादा म्हणाले. तेव्हापासून मी कराच्या कागदांचा डबा झालो.

ताई घराच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवतात, त्यांवरून ती आधी मेणाचे आणि मग पक्के दात घडवते. मेण, प्लास्टर, वीज, भाडे, सगळ्यांच्या पावत्या माझ्या पोटात जात. दादा टपाल कचेरीतून निवृत्त झालेले. दरवर्षी कर भरायची मुदत जवळ आली की एका रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून येत, मला टेबलावर घेत आणि एकेक कागद वाचून वर्षवार गठ्ठे बांधत. "एकही कागद फेकायचा नाही," हे त्यांचे पालुपद. ताई सगळ्यांना सांगे, "आमचं कराचं काम दादा बघतो. मी नुसती सही करते." ते ऐकून दादांची मान ताठ होई, आणि माझीही झाली असती, मला मान असती तर!

अशी अठरा वर्षे गेली. मग ताईचे काम वाढले. नवे यंत्र आले, नवे दवाखाने जोडले गेले, फॉर्मची पाने वाढली. एका डॉक्टरांनी तिला करसल्लागार बाईंचा पत्ता दिला. ती दादांना न विचारता जाऊन आली आणि येताना एक निळी फाईल घेऊन आली. आत पाच कप्पे, प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी. फाईल ठेवण्याआधी ताईने टेबल पुसले. मित्रांनो, माझ्यासाठी तिने कधी टेबल पुसले नव्हते. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

त्या रविवारी दादा इस्त्रीच्या शर्टात आले. फाईल पाहून दारातच थबकले.

"हे काय?"

"दादा, यंदा एका सल्लागार बाईंना दाखवतेय. पसारा वाढलाय ना, म्हणून."

"छान. जाणकाराकडेच जावं माणसानं. आम्ही काय, पाकिटांवर शिक्के मारणारे!"

चहा तसाच ठेवून ते निघून गेले. महिनाभर फिरकले नाहीत. मला मात्र बरे वाटले. जळणारा मी एकटाच नव्हतो.

पुढे एका दुपारी छत्री परत करायचे निमित्त काढून दादा आले. नेमकी तेव्हाच ताई माझ्यातले कागद फाईलीत लावायला बसली होती. मी ठरवले, झाकण सोडायचे नाही. गंजाची साथ होतीच. तिने ओढले, मी धरून ठेवले.

दादा खुदकन हसले. "बघ! डब्यालासुद्धा पसंत नाही."

तेवढ्यात झाकण सटकन निघाले आणि माझी धार ताईच्या अंगठ्यात खोल गेली. दादांचे हसू जागीच विरले. त्यांनी रुमाल बांधला आणि तिला दवाखान्यात नेले. तीन टाके पडले. दोन कवळ्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. त्या लांबल्या, आणि दोन म्हाताऱ्या माणसांना आठवडाभर पातळ पेजेवर काढावे लागले. निळ्या फाईलीला साधा ओरखडाही आला नव्हता. माझ्या हेव्याने कापला तो ताईचा अंगठा.

ताईचा हात बांधलेला, म्हणून तिच्याबरोबर सल्लागार बाईंकडे मला दादांनीच उचलून नेले. चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर त्यांचे ऑफिस होते. दादा बाहेरच्या बाकावर बसले. "मी इथंच बरा. आत माझं काय काम?"

बाई स्वतः बाहेर आल्या. "हे गठ्ठे तुम्ही बांधलेत ना? मग आत चला. मला एकटीला उलगडणार नाही."

आत खूप प्रश्न झाले. दादा तोंडपाठ उत्तरे देत होते. मग बाईंनी विचारले, "भाडं खर्चात का नाही धरलं?"

"ते घराचं भाडं आहे."

"पण मागच्या खोलीत धंदा चालतो. तेवढा वाटा धरता आला असता."

दादांचा चेहरा उतरला. "म्हणजे अठरा वर्षं मी हिला जास्तीचा कर भरायला लावला?"

"दादा, तू नसतास तर पहिल्याच वर्षी मी फॉर्म फाडून टाकला असता," ताई म्हणाली. "आणि तुला न विचारता मी इथं आले, ते चुकलंच माझं."

बाई म्हणाल्या, "जुनं गेलं ते गेलं. मागच्या दोन वर्षांचे फॉर्म सुधारून देता येतील. पण भाड्याच्या पावत्या हव्यात, आणि त्या सहसा कुणी ठेवत नाही."

दादांनी माझे झाकण काढले. या वेळी मी जरासुद्धा अडलो नाही. दोऱ्याने बांधलेले दोन गठ्ठे त्यांनी पुढे सरकवले. एकही पावती कमी नव्हती.

"चूक मला सुधारता येते," बाई म्हणाल्या, "हरवलेला कागद नाही बनवता येत."

मग दादांनी खिशातून घडी घातलेला एक फॉर्म काढला. "माझ्या पेन्शनचा आहे. आजवर कुणाला दाखवला नाही. एक नजर टाकाल?"

आता चालू वर्षाचे कागद निळ्या फाईलीत असतात आणि जुने माझ्याकडे येतात. ते त्या फाईलीचे उष्टे आहे, असे मला अजूनही वाटते. खोटे कशाला बोलू? हेवा पुरता गेलेला नाही.

म्हणून मित्रांनो, एवढेच सांगतो. कागद जपा आणि ज्याला कळते त्याचा सल्ला जरूर घ्या. पण घरातले कोणी वर्षानुवर्षे तुमचे काम मायेने करत आले असेल, तर पुढे जाण्याआधी त्याला विचारा. विचारायला एक मिनिट लागते. रुसवा निघायला महिना जातो, आणि तेवढ्यात कोणाला तरी इजा होते.