व्हर्लिनचा धूर

माझ्या धाकट्या बहिणीने, आर्डिसने, घरात पाइप ओढायला बंदी घातली होती आणि तिचा नवरा व्हर्लिन ती बंदी लग्नापासून इमानदारीने पाळत होता. म्हणजे, त्याच्या मते. रोज जेवण झालं की तो तळघरात उतरायचा आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी खुर्ची टाकून पाइप पेटवायचा. घरातली हवा भट्टीत ओढून घेणारी मोठी जाळी नेमकी त्याच्या डोक्यामागे. चेरीच्या वासाच्या तंबाखूचा सगळा धूर त्या जाळीतून आत जायचा आणि गरम हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांतून, म्हणजे डक्टमधून, खोल्याखोल्यांत निघायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, ते असं. आर्डिसला सगळं कळत होतं, पण ती कधी बोलली नाही. आमच्याकडे मिनेसोटात निम्मा संसार न बोलण्यावरच चालतो.

व्हर्लिन फेब्रुवारीत गेला. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात कॉफी झाली, हॅम घातलेले पाव झाले, थंडी फार पडलीय असं सगळे एकमेकांना सांगून मोकळे झाले. त्याची लेक कर्स्टन लोकांचे कप भरत फिरत होती. डोळ्यांत टिपूस नाही. पोरीचा मला रागच आला.

ईस्टरला ती आपल्या मुलीला घेऊन आली. ब्रिटा सहा वर्षांची आणि दमेकरी. दुसऱ्याच दिवशी तिचे ओठ निळे पडले, आम्ही हॉस्पिटल गाठलं. आपल्या घरी परत गेल्यावर कर्स्टनने आर्डिसला धूर मुरलेले पडदे, गालिचे सगळं काढायला लावलं, आणि मग फोनवर म्हणाली की डक्टही साफ करून घे, नाहीतर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला आम्ही येणार नाही. डॉक्टर खात्री देत नव्हते. फरक पडेल, कदाचित नाहीही पडणार. भट्टी तपासायला येणारा माणूस तर म्हणाला, बुरशी नाही, उंदीर नाहीत, फिल्टर बदला आणि पुढच्या वर्षी भेटू. मी त्याच्या बाजूची. या डक्टवाल्यांना कुठे बाई एकटी राहते ते बरोबर कळतं, असं मी आर्डिसला सुनावलं.

सप्टेंबरात एका सकाळी तिने मला माझ्या समोरच्या घरातून बोलावून घेतलं. गारवा जेमतेम होता, तरी तिने भट्टी लावली होती. स्वयंपाकघरात जमिनीतून गरम हवा वर सोडणाऱ्या जाळीवर ती झोपायच्या झग्यातच उभी होती. आमच्याकडच्या बायका थंडीत पाय शेकायला उभ्या राहतात तशी.

"वास घे," ती म्हणाली.

आधी जळक्या धुळीचा वास आला, दर वर्षी पहिल्यांदा भट्टी लावली की येतो तो. आणि त्याच्यामागून हळूच चेरी.

"येतो अजून," आर्डिस म्हणाली. "साफ केलं की गेला."

"मग कर्स्टनला सांग ना तसं."

"काय सांगू? तुझ्या पोरीच्या श्वासापेक्षा मला तुझ्या बापाचा धूर मोठा आहे म्हणून?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आम्ही दोघी भट्टी बंद होईपर्यंत त्या जाळीवर उभ्या राहिलो. दुपारी तिने डक्टवाल्याला फोन केला.

तो माणूस भलीमोठी नळी घेऊन आला आणि दिवसभर घर हादरवत होता. तो जाताना आर्डिसने त्याच्याकडून कचऱ्याची पिशवी मागून घेतली. आतल्या करड्या गोळ्याला तिने नाक लावलं. मला बघवेना. "नुसती धूळ आहे," ती म्हणाली आणि पिशवी परत दिली. त्यानंतर काही दिवस ती सकाळी जाळीवर उभी राहायची. मग तेही सोडलं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी कर्स्टन आली. बाहेर बर्फ पडत होता. ब्रिटा आमच्या हातांखालून निसटून धाडधाड जिना चढली. कर्स्टन उंबऱ्यात मफलर सोडत होती, तेवढ्यात खाली भट्टी सुरू झाली आणि जाळीतून गरम हवा वर आली. तिचा हात थांबला. तिने एकदा श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग बूट न काढताच जाळीपाशी वाकली.

"आई, बाबांचा वास कुठे गेला?"

"साफ करून घेतलं ना. तूच म्हणालीस." आर्डिसच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी असते तर मारला असता.

कर्स्टन तिथेच जमिनीवर बसली. चर्चमध्ये न रडलेली ती पोर बर्फातल्या बुटांसकट ओक्साबोक्शी रडायला लागली. "मला वाटलं होतं, दार उघडलं की ते असतील," ती म्हणत राहिली.

आर्डिस गुडघ्यांवर हात ठेवून कशीबशी तिच्याशेजारी बसली आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. वर ब्रिटा पळत होती, मोठमोठ्याने गात होती. डक्टमधून तिचा आवाज खाली येत होता, कुठे धाप नाही.

"दार लाव गं," आर्डिस मला म्हणाली. "ऊब बाहेर जातेय."

मी दार लावलं.